तुम्ही विचारलंत म्हणून: पोराचा स्पीड किती पडतो?

मी मुलांना क्रिकेट शिकवतो. मुलाला नेटवर सरावाला घेऊन येणारे आई-वडील पहिल्या आठवड्यातच मला बाजूला घेतात आणि विचारतात, "सर, याचा स्पीड किती पडतो?" काहींनी मोबाइलवर त्यासाठीचं अ‍ॅपही घेतलेलं असतं. आकडा त्यांना आधीच ठाऊक असतो, तो माझ्या तोंडून ऐकायचा असतो. मग पुढचा प्रश्न येतो: "भारताकडून खेळायला किती लागतो?"

तर आता सविस्तर सांगतो. मी राहुरीकडचा. शेजारच्या श्रीरामपूरचा एक मुलगा भारताकडून 92 कसोटी आणि 194 वनडे खेळला, म्हणून उत्तर देताना मला दुसऱ्या कोणाचं नाव सुचतही नाही. झहीर खानची कारकीर्द नीट बघितली तर तिचे सरळ दोन भाग पडतात. पालकांना त्यातला पहिला माहीत असतो. मला सांगायचं असतं ते दुसऱ्याबद्दल.

पहिला भाग थोडक्यात. मुलगा डावखुरा, अंगापिंडानं दणकट, इंजिनिअरिंगला जायच्या वयाचा. देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू फास्ट बॉलर हो, असं वडिलांनी त्याला सांगितलं ही गोष्ट आमच्याकडे घराघरांत माहीत आहे. मुंबईत सुधीर नाईक यांच्या हाताखाली तो नॅशनल क्रिकेट क्लबकडून खेळला. तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये, फास्ट बॉलर घडवणाऱ्या संस्थेत, ऑस्ट्रेलियाचे जुने फास्ट बॉलर डेनिस लिली यांच्याकडे गेला. रणजी मात्र बडोद्याकडून खेळला, आणि 2000-01 साली बडोद्यानं ती स्पर्धा जिंकली त्यात त्याचा मोठा हात होता. ऑक्टोबर 2000 मध्ये नैरोबीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवला तो यॉर्कर अजूनही लोक काढून बघतात. त्या दिवशी तो बावीस वर्षांचा झाला होता. भारताकडे असा वेग असलेला डावखुरा नव्हताच. ताशी 140 किलोमीटरच्या आसपास टाकायचा, लांब रन-अप, क्रीजवर उंच उडी. पालकांच्या डोळ्यांसमोर हाच झहीर असतो.

पण त्या उडीची किंमत शरीर देत होतं. 2003 च्या वर्ल्ड कपमध्ये त्यानं 18 बळी घेतले आणि त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिस्बेनला डावात 5 गडी बाद केले. मग मांडीचा स्नायू गेला. त्याची ती मालिका अर्धवट राहिली, त्यानंतर दुखापती, पुनरागमन, पुन्हा दुखापत असं चालू राहिलं. इरफान पठाण आला, पाठोपाठ आर. पी. सिंग आणि श्रीसंत. 2006 उजाडेपर्यंत झहीर संघाबाहेर होता आणि त्याची फारशी कोणाला आठवणही येत नव्हती.

त्या उन्हाळ्यात तो वूस्टरशरकडून काउंटी, म्हणजे तिथलं देशांतर्गत क्रिकेट, खेळायला इंग्लंडला गेला. ही गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. आंतरराष्ट्रीय सामन्यांत विकेट घेतलेला माणूस काउंटीच्या दुसऱ्या विभागात आठवड्यामागून आठवडे बॉलिंग करत राहिला. गर्दी तुरळक, हवा गार. त्या हंगामात त्यानं 78 बळी घेतले. रन-अप आखूड केला, शेवटची ती मोठी उडी काढून टाकली. वेग उतरला. 130 ते 135 च्या मधला बॉलर होऊन तो परत आला, आणि आधीपेक्षा कितीतरी घातक होऊन आला.

हे कसं झालं, ते नेटवर मी बॉल हातात घेऊनच दाखवतो. लेदर बॉलची एक बाजू चकाकती ठेवलेली असते, दुसरी खरखरीत झालेली. सेट झालेला बॅट्समन बॉलर पळत येताना चकाकी कोणत्या बाजूला आहे ते बघतो आणि बॉल आत येणार की बाहेर जाणार याचा अंदाज बांधतो. झहीर पळत येताना उजव्या हाताचा पंजा डाव्या हातातल्या बॉलवर ठेवायचा. हात वर जाईपर्यंत चकाकी दिसायचीच नाही. बॉल जुना होऊन रिव्हर्स व्हायला लागला की या झाकण्याचा खरा उपयोग, कारण तेव्हा तो उलट्या दिशेला वळतो आणि बॅट्समनकडे ठरवायला क्षणभरही उरत नाही. जेम्स अँडरसननं ही गोष्ट झहीरकडून उचलल्याचं स्वतः सांगितलं आहे. इंग्लंडचा सर्वाधिक कसोटी बळी घेणारा बॉलर आपल्या श्रीरामपूरच्या माणसाकडे बघून शिकला, हे मुलांना सांगताना मला फार बरं वाटतं. दुसरी गोष्ट राउंड द विकेटची, म्हणजे बॉलिंगचा हात स्टंपपासून लांब राहील अशा बाजूनं येऊन टाकण्याची. डावखुरा बॉलर डावखुऱ्या बॅट्समनला त्या बाजूनं येऊन टाकतो तेव्हा बॉल बाहेर जातोय असं वाटतं, आणि नेमका शेवटी तो सरळ होतो किंवा आत येतो. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रॅम स्मिथसारखा तगडा ओपनर त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा बाद झाला तो उगाच नाही.

2007 चा इंग्लंडमधला ट्रेंट ब्रिजचा कसोटी सामना मिळाला तर मुलांसोबत बसून बघा. झहीर बॅटिंगला आला तेव्हा कोणीतरी क्रीजवर जेली बीन्स टाकल्या होत्या, तो चिडला, आणि पेपरांनी तेवढंच धरून ठेवलं. माझ्या दृष्टीनं ती या सामन्यातली सगळ्यांत किरकोळ गोष्ट. पहिल्या डावात 59 धावांत 4, दुसऱ्यात 75 धावांत 5. दुसऱ्या डावात मायकल वॉन 124 वर खेळत होता, सामना हातातून जाईल अशी धाकधूक होती. नवा बॉल आला, वॉनच्या मांडीला लागून तो स्टंपवर गेला, आणि पाठोपाठ इयन बेल पायचीत. भारतानं ती मालिका 1-0 अशी जिंकली, इंग्लंडमध्ये 1986 नंतर पहिल्यांदा. त्या अख्ख्या सामन्यात झहीरचा वेग किती होता, हे कोणाच्याही लक्षात नाही.

वर्ल्ड कपच्या दोन फायनल शेजारी ठेवल्या की सगळं दिसतं. जोहान्सबर्ग, 2003: पहिलीच ओव्हर, नो बॉल, वाइड, 15 धावा. अंगात वेग भरपूर होता आणि डोक्यात त्याहून जास्त घाई. वानखेडे, 2011: पहिला स्पेल 5 ओव्हर, त्यातल्या 3 मेडन (एकही धाव न दिलेल्या), 6 धावा, 1 बळी. उपुल थरंगा 20 बॉल खेळून 2 धावा करू शकला आणि स्लिपमध्ये सेहवागकडे झेल देऊन गेला. शेवटच्या ओव्हर्समध्ये त्याला मार पडला हे खरं, 10 ओव्हरमध्ये 60 गेल्या. तरी त्या संध्याकाळी श्रीलंकेला मोकळेपणानं सुरुवात करू दिली असती तर पुढचा पाठलाग केवढा झाला असता याचा विचार करा. त्या वर्ल्ड कपमध्ये त्याचे 21 बळी झाले, पाकिस्तानच्या आफ्रिदीबरोबर सर्वाधिक. बंगळुरूला इंग्लंडविरुद्ध सामना हातातून गेलाच होता, तेव्हा लागोपाठच्या दोन बॉलवर त्यानं बेल आणि 158 वरच्या स्ट्रॉसला काढलं म्हणून तो टाय झाला. अहमदाबादच्या क्वार्टर फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाचा माइक हसी झहीरनं बोटांच्या सांध्यांवर धरून टाकलेल्या नकल बॉलवर बोल्ड झाला. धावत येण्याची लय तीच, हाताचा वेग तोच, बॉल मात्र उशिरा पोचतो.

कोणी म्हणतं, कसोटीत 311 बळी पण सरासरी जवळजवळ 33 ची, मग एवढा मोठा कसा? त्यांना मी म्हणतो, यातले दोनशेहून अधिक बळी भारताबाहेरचे आहेत. आणि या सरासरीत काउंटीच्या आधीचा अन् नंतरचा असे दोघे एकत्र मोजले आहेत. कपिल देवनंतर 300 पार करणारा तो आपला पहिलाच फास्ट बॉलर. माझं मत विचाराल तर 2007 ते 2011 या काळात त्याच्याइतका बॅट्समनच्या डोक्यात शिरणारा डावखुरा जगात नव्हता.

त्याच्याकडे नव्हतं ते साथ देणारं शरीर. जुलै 2011, इंग्लंडविरुद्ध लॉर्ड्सची कसोटी, पहिला दिवस. दोन्ही ओपनर त्यानं काढले होते, 13.3 ओव्हरमध्ये फक्त 18 धावा दिल्या होत्या, आणि मांडी धरून तो बाहेर गेला. भारत ती मालिका 4-0 हरला. एका माणसामुळे एवढं घडत नाही हे मान्य, पण बाकीच्यांना बॉल टू बॉल समजावणारा बॉलर गेला होता. शेवटची कसोटी 2014 ची, वेलिंग्टनची. वय 35, न्यूझीलंडच्या मॅकलमनं 302 ठोकले, त्या एकाच डावात झहीरनं 51 ओव्हर टाकल्या आणि 5 बळी घेतले, मॅकलमही त्यालाच मिळाला. त्यानंतर तो कसोटी खेळला नाही. ऑक्टोबर 2015 मध्ये निवृत्त झाला.

आता तुमच्या मुलाकडे येतो. पुढचा पाय क्रीजवर आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर त्या एका पायातून वर कंबरेत जातो. आमच्या विकेटवर संध्याकाळी तिथं पडलेला खड्डा बघा, रोज माती भरावी लागते. ती झीज बुटालाही होते आणि मणक्यालाही. कंबरेतली हाडं विशीच्या आधी पूर्ण घट्ट झालेली नसतात, म्हणून याच वयात तिथं बारीक भेगा पडतात. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर पॅट कमिन्स यानं 2011 मध्ये अठराव्या वर्षी पहिल्या कसोटीत डावात 6 बळी घेतले आणि दुसरी कसोटी त्याला मिळाली थेट 2017 साली, रांचीला. त्याच्या मागं अख्खं ऑस्ट्रेलियाचं बोर्ड होतं, डॉक्टर होते. आपल्या मुलामागं आपण दोघं आहोत. आपल्याकडे गोऱ्ह्याला पहिल्याच वर्षी औताला जुंपत नाहीत, आणि इथं तेराव्या वर्षी सकाळी शाळेचा सामना, दुपारी नेट, रात्री टेनिस बॉलची टूर्नामेंट.

म्हणून माझ्याकडे स्पीड मोजला जात नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला एका स्पेलमध्ये 5 च्या वर ओव्हर मिळत नाहीत, सलग तीन दिवस बॉलिंग मिळत नाही, आणि पहिले काही महिने अर्ध्याच रन-अपवरून सीम (बॉलची शिवण) सरळ ठेवून टाकायचं. कंटाळा येतो, मुलं कुरकुर करतात, काही सोडूनही जातात. वेग असेल तर तो वाढत्या वयाबरोबर येईलच, त्याला कोणी अडवत नाही. तुम्ही घरी एवढं करा: अ‍ॅप काढून टाका, टाच न घसरणारे बूट घ्या, रात्री वेळेवर झोपवा. आणि कंबरेच्या एकाच बाजूला दुखतंय असं तो म्हणाला, तर तेल लावून बघू, दोन दिवसांत थांबेल, असं म्हणू नका. त्याच दिवशी मला फोन करा आणि हाडांच्या डॉक्टरकडे न्या, मग दुसऱ्या दिवशी कितीही मोठी मॅच असो.