व्हेनिस, जानेवारी आणि आईचं पाऊणपटीचं गणित

जानेवारीत व्हेनिसला कोण जातं असं ऑफिसातल्या तिघांनी तरी मला विचारलं होतं, पण आई म्युनिकला आली तीच मुळी डिसेंबरात, फेब्रुवारीत तिचा व्हिसा संपणार, आणि उन्हाळ्यात तिथे जी जत्रा भरते तिच्यात गुडघे दुखणाऱ्या बाईला घेऊन शिरायची माझी हिंमत नव्हती. हॉटेलंही स्वस्त मिळत होती. म्हटलं चला.

तयारी सगळी थंडीची केली. थर्मल, लोकरीचे मोजे दोन-दोन जोड, कानटोपी, आईची शाल वेगळी, थर्मासमध्ये गरम पाणी. पायात काय घालायचं हा विचार मात्र एकदाही डोक्यात आला नाही आणि पुढे तोच नडला.

म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून गाडी जाते, साडेसहा-सात तास लागतात, प्रवास झकास. मेस्त्रे हे जमिनीवरचं शेवटचं स्टेशन सोडलं की शेवटचे पावणेचार किलोमीटर गाडी खाडीवरच्या पुलावरून जाते, आणि त्या दिवशी असं धुकं होतं की दोन्ही बाजूंना नुसता कापूस. तिथले लोक या धुक्याला कायगो म्हणतात हे मला नंतर कळलं. आई खिडकीला नाक लावून, "अगं पाणी कुठाय? पाण्यातलं गाव ना?" सांता लुचिया स्टेशनच्या बाहेर आलो तर दहा-पंधरा पावलांवर पायऱ्या आणि पायऱ्यांखाली थेट मोठा कालवा, जिथे आपल्याकडे रिक्षा स्टँड असतो तिथे बोटींचा धक्का. आई म्हणाली, "हां, आता बरोबर."

वापोरेत्तो म्हणजे तिथली एसटीच. ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो आणि अख्ख्या २४ तासांचा पास २५ युरो, त्यामुळे तीनदा चढणार असाल तर सरळ पास घ्या, आणि बोटीत चढायच्या आधी मशीनवर टेकवायला विसरू नका. आम्ही १ नंबरची घेतली, ती प्रत्येक थांब्याला थांबते. त्या धुक्यात दोन्ही काठांचे महाल अर्धेच दिसत होते, खालचा मजला दिसतोय आणि वरचा गायब. आईला ते फार आवडलं, मला तेव्हा फक्त हॉटेल कुठे असेल याची काळजी.

काळजी खरीच होती. तिथे पत्त्यात गल्लीचं नाव नसतंच बऱ्याचदा, नुसता सेस्तिएरे म्हणजे पेठ आणि घर नंबर, आणि नंबर पेठभर सलग चालतात, पाच-पाच हजारांच्या घरात. गावात अशा सहा पेठा. मॅपने आम्हाला दोनदा अशा बोळात नेलं जो सरळ पाण्यात संपतो. बॅगेची चाकं पुलाच्या पायऱ्यांवर काही कामाची नाहीत, पुलागणिक बॅग उचला, उतरवा, परत पुढे पूल. एक बॅग मी, एक बॅग मी आणि आई मिळून, असे सात पूल मोजले मी. चारशेच्या वर आहेत म्हणे गावात, त्यातले सातच आमच्या वाट्याला आले हे नशीब.

आता मुख्य गोष्ट. रात्री हॉटेलच्या काउंटरवर एक कागद चिकटवलेला: उद्या भरती, ९५ सेंटिमीटर. मी हबकले. ९५ म्हणजे कमरेपर्यंत! आईला घेऊन कुठे जाणार मी? काउंटरवरचा मुलगा हसायला लागला, रोजचं असणार त्याला. त्याने समजावलं ते असं की हा आकडा रस्त्यावरच्या पाण्याचा नाहीच, सालुते चर्चपाशी एक जागा आहे तिथली १८९७ ची सरासरी समुद्रपातळी शून्य धरून तो मोजतात. सान मार्कोचा चौक त्या शून्यापासून साधारण ८० वर आहे, तोच गावातला सगळ्यात सखल भाग. म्हणजे ९५ आले तर चौकात पंधराएक सेंटिमीटर, घोट्याच्या जरा वर, आणि बाकीचं गाव बहुतेक कोरडं. हे एवढं आधी माहीत असतं तर माझी अर्धी रात्र वाचली असती, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आज तिथी काय गं?" मोबाइलवर पाहिलं, दुसऱ्या दिवशी पौष शुद्ध चतुर्दशी. "चौदाची पाऊणपट साडेदहा. साडेदहाला भरेल." आमचं गाव अलिबागजवळ, आजोबा हाच हिशेब करायचे, तिथीला पाऊणने गुणा की भरतीची वेळ. मी म्हटलं अगं आई हा वेगळा समुद्र आहे, तुझा हिशेब अलिबागला. तिथल्या नगरपालिकेच्या भरती केंद्राचं ॲप उघडलं तर पूर्ण भरती १०.२५. योगायोगच तो, प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते हे मलाही कळतं, पण पुढचे तीन दिवस मला हे ऐकून घ्यावं लागलं.

सकाळी दमट वारा सुटला होता, थंडी तेवढी नव्हती. शिरोक्को म्हणतात त्या वाऱ्याला, आग्नेयेकडून येतो आणि एड्रियाटिक समुद्राचं पाणी ढकलत ढकलत या कोपऱ्यात आणून कोंबतो. नुसत्या चंद्राने तिथे एवढं पाणी चढत नाही, वारा लागतोच. चौकापाशी पोचलो तर फरशीच्या जाळ्यांमधून पाणी वर येत होतं, लाटबिट काही नाही, नुसतं गुपचूप, आपल्या मोरीचं पाणी तुंबून वर येतं ना अगदी तसं. लांब लाकडी फळकुटं लोखंडी पायांवर मांडलेली असतात, पासेरेल्ले, त्यांवरून एका रांगेत चालायचं, मध्ये थांबून सेल्फी काढणाऱ्याला मागून शिव्या.

आमचे बूट कापडी. कोपऱ्यावर एक बांगलादेशी पोरगा गुडघ्यापर्यंतच्या रंगीत प्लास्टिकच्या पिशव्या विकत होता, खाली जाड तळ, वर नाडी. दहा सांगितले, आईने हिंदीत घासाघीस सुरू केली आणि तो इतका खूश झाला की दोन जोड पंधराला दिले आणि आईच्या नाड्या स्वतः बांधून दिल्या. आईचा केशरी, माझा हिरवा. फोटो कुणालाही दाखवणार नाही.

चौकातल्या सान मार्को चर्चभोवती छातीएवढी काचेची भिंत उभी आहे, २०२२ मध्ये बसवली, त्यामुळे बाहेर पाणी आणि आत कोरडं. आतली फरशी लाटेसारखी वरखाली झालीये, इतक्या वर्षांत जमीन खचून. मला प्रश्न पडला की एवढे हजारो कोटी खर्चून समुद्राच्या तोंडाशी दरवाजे बांधलेत ना, मग पाणी आलंच कसं? तर ते मोसे नावाचे ७८ दरवाजे साधारण ११० चा अंदाज असला तरच उचलतात, कारण ते वर असताना बंदरात जहाजं येऊ शकत नाहीत. तीन तोंडांवर समुद्राच्या तळाशी पाणी भरून झोपलेले असतात, हवा भरली की पाणी बाहेर आणि दरवाजा वर. ऑक्टोबर २०२० मध्ये पहिल्यांदा कामाला लावले, त्याच्या आदल्याच वर्षी नोव्हेंबरात १८७ सेंटिमीटर चढलं होतं. आई म्हणाली, "म्हणजे आपल्या खारबांधाची उघाडीच की." आता उघाडी, म्हणजे खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला असतो तो दरवाजा, भरतीच्या जोराने आपली आपण मिटते आणि इथे अख्खी यंत्रणा लागते, पण काम तेच, मला काही बोलता येईना.

साडेबारापर्यंत चौक परत कोरडा! माणसं रबरी झाडूने उरलेलं पाणी ढकलत होती, झालं.

दुसऱ्या दिवशी रिआल्तोच्या मासळी बाजारात गेलो (रविवार-सोमवार बंद असतो, लक्षात ठेवा). आईला राजवाड्यापेक्षा तिथे जास्त वेळ लागला. नंतर एका बाकारोत, म्हणजे उभ्या उभ्या खायच्या टपरीवजा गुत्त्यात, सार्दे इन साओर खाल्लं, तळलेले मासे, वर कांदा, बेदाणे आणि व्हिनेगर. एक घास घेऊन आई म्हणाली, "तारली आहे. कांदा छान, बेदाणे कशाला घातले मेल्यांनी?" गोंडोला अर्ध्या तासाला ९० युरो ऐकून तिने हात जोडले, दोन युरोत कालवा ओलांडून देणारी त्रागेत्तो होती ना, तीही तशीच होडी.

तिसऱ्या दिवशी वारा फिरला, लख्ख ऊन आणि बोचरी थंडी. दुपारी चारनंतर बघतो तर छोट्या कालव्यांतलं पाणी पार खाली, भिंतींना शेवाळ, दोन गोंडोले चक्क चिखलात टेकलेले. जानेवारी-फेब्रुवारीत असं होतं तिथे, भरतीइतकीच ओहोटीची पण पंचाईत. लोक नाक मुरडत जात होते आणि आई पुलाच्या कठड्याला टेकून जोरात श्वास घेत उभी. "खाडीचा वास," म्हणाली. मग मावशीला व्हिडिओ कॉल लावून वीस मिनिटं तिला चिखल दाखवला.

केशरी पिशव्या मी हॉटेलच्या कचऱ्यात टाकल्या होत्या, निघताना आईने त्या काढून, पुसून बॅगेत ठेवल्या. जूनमध्ये अलिबागहून फोटो आला, पिशव्या घालून वाडीत आळी करतेय.