खंडान्त उतारावरचा गाळ काढताना

गोवा-कोकणासमोर भूखंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) बाहेरच्या कडेला जुनी चुनखडीयुक्त वाळू पसरलेली आहे. तिथे ग्रॅव्हिटी कोरर, म्हणजे स्वतःच्या वजनाने तळात घुसून गाळाचा उभा नमुना घेणारी नळी, टाकू नका. ती आपटून आडवी पडते आणि तिच्या टोकाच्या कटरची धार जाते. मंचापलीकडे खोल जाणाऱ्या उतारावरचा मऊ चिखल हवा. आधी सब-बॉटम प्रोफायलर (ध्वनिलहरींनी तळाखालचे थर दाखवणारं उपकरण) चालवून थर समांतर आहेत का ते बघायचं. घसरून आलेला गाळ असला तर वयाचा क्रमच बिघडलेला असतो.

कोरर तळाच्या साधारण 50 मीटर वर थांबवायचा, झोके शांत होऊ द्यायचे, मग मिनिटाला 60 मीटरच्या आसपास सोडायचा. तारेवरचा ताण दाखवणाऱ्या टेन्शन मीटरचा आकडा एकदम पडला की तळ लागला. विंच (तार सोडणारं यंत्र) लगेच थांबवा. जास्त तार सुटली तर तिला पीळ पडून गाठ बसते. उपसताना अगदी सावकाश, कारण चिखलाची पकड सुटेपर्यंत तारेवर कोररच्या वजनाहून बराच जास्त ताण येतो.

डेकवर लायनरचे (कोररच्या आतल्या, गाळ भरलेल्या नळीचे) एकेक मीटरचे तुकडे करा, वरची बाजू दाखवणारा बाण तेव्हाच आखा, टोपणं टेपने बंद करून 4 अंश सेल्सिअसला ठेवा. सगळ्यात वरचे काही सेंटिमीटर बहुधा विस्कटतात. अलीकडच्या शतकांचा गाळ हवा असेल तर त्याच जागी मल्टिकोररही (वरचा थर न विस्कटता अनेक छोट्या नळ्यांत घेणारं उपकरण) टाकायलाच हवा. वेळ वाचवायला तो वगळणं मला अजिबात पटत नाही.