आता कुठं जाणारेस

आईनं माझे ट्रेकचे बूट देऊन टाकले. भांड्याला येणाऱ्या मावशींच्या मुलीला. ती पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे पळायला जाते आणि तिच्याकडे धड बूट नाहीत. यात चूक काहीच नाही. माळ्यावर पडूनच तर होते. दुपट्यांसाठी आजीची जुनी पातळं शोधताना ती निळी पिशवी दिसली नाही म्हणून मी विचारलं, तर परातीत डिंक निवडत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "दिले की. आता कुठं जाणारेस तू डोंगर चढायला?"

एवढंच. आवाजात राग नाही, टोमणा नाही. गॅस बंद केला का विचारावं तसं. मला मात्र असं भरून आलं की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उभ्याउभ्याच रडून घेतलं. खाली बसले असते तर उठवायला कुणाला तरी हाक मारावी लागली असती.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. एक वाजून गेलाय, झोप नाही. उताणं झोपायचं नाही, कारण पोटाचा सगळा भार कण्याशेजारच्या मोठ्या शिरेवर पडतो आणि रक्त हृदयाकडे परतायला अडतं. म्हणून डावी कूस, गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटाखाली एक. बाळाला उचकी लागलीय. डोकं खाली आलंय, त्यामुळे ती आता ओटीपोटात जाणवते, एका लयीत. बाळ आडवं होतं तेव्हा ती कुशीत लागायची. घरात सगळे झोपलेत आणि आम्ही दोघं जागे.

खरं तर ते बूट मला आता आलेच नसते. घोट्याची हाडं दिसेनाशी झालीत. अंगठी कधीच काढून ठेवली, पायात बाबांच्या चपला. दर आठवड्याला डॉक्टर माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरतात आणि सोडतात. खळगा पडतो. त्याच्या कडा हळूहळू भरत येतात आणि तो पुरता बुजेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहतो. मग बीपी, मग लघवीतलं प्रोटीन. दोन्ही ठीक आहे तोवर नुसत्या सुजेची काळजी नाही, असं त्या दर वेळी सांगतात. आणि त्याच दमात हेही सांगतात, की डोकं खूप ठणकलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, छातीच्या खाली पोटात दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही, तडक यायचं. हे आता मला आणि आईला तोंडपाठ आहे.

पण पायाचं एक मी नंतर वाचलं. या दिवसांत सांध्यांना धरून ठेवणारे बंध सैल होतात, वजन वाढतं, तळव्याची कमान थोडी खाली बसते, आणि काही बायकांचा पाय कायमचा किंचित लांब होतो. सूज उतरते, पण माप परत येत नाही. वाचलं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. पोटावरच्या रेघा राहणार, केस गळणार, तसंच हेही. आज आईनं बूट दिले म्हटल्यावर ते आठवलं आणि अंगावर काटा आला. म्हणजे ठेवले असते तरी कदाचित ते माझे राहिलेच नसते.

त्या बुटांच्या खाचांत वासोटा किल्ल्याची माती होती. मीच काढली नव्हती. बामणोलीहून सकाळच्या लाँचनं गेलो होतो, वनखात्याची परवानगी काढून. ते सगळं अभयारण्य आहे, संध्याकाळच्या आत परत फिरावंच लागतं, आणि पावसाळ्यात तर जाताच येत नाही. वर पोचल्यावर माचीच्या टोकावर बसून शिवसागर जलाशयाचं पाणी बघत शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली होती. त्याआधी कळसूबाईच्या शिड्या, त्याआधी हरिश्चंद्रगड. कोकणकड्यावर उभं राहून खाली बघायचं नसतं, पालथं पडून बघायचं असतं. हनुवटी कड्याच्या काठावर आणि खालून थेट तोंडावर येणारा वारा. पालथं पडणं ही गोष्टच मी विसरलेय. कित्येक महिन्यांत जमिनीला पोट लावलेलं नाही.

आता कुठं जाणारेस.

मी हे वाक्य उलटंसुलटं करून बघतेय. आईला काय म्हणायचं होतं? सध्या कुठं जाणार, असं? तेवढं तर खरंच आहे. नऊ महिने भरत आलेत, मी जिना उतरायचं म्हटलं तरी बाबा पुढून उतरतात. की यापुढं कुठं जाणार, असं? विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर तिला कळलंही नसतं की मी कशाबद्दल बोलतेय, आणि कळलं असतं तर जास्तच अवघड झालं असतं.

आजूबाजूला तर सगळे बोलतच असतात. समोरच्या काकू म्हणाल्या, पितृपक्षात नको ग होऊ दे, घटस्थापना लागली की मोकळी हो. जसं काही माझ्या हातात आहे. ऑफिसचं तर बोलायलाच नको. 26 आठवड्यांची रजा कायद्यानं आहे, 2017 सालापासून, ती मी मागून घेतलेली नाही, हक्काची आहे. पण माझं काम जिला दिलं तिचा आठवडाभरात एकही फोन आला नाही. काही अडत नाहीये म्हणजे. जाऊ दे.

हे सगळं मी ऐकते आणि सोडून देते. आईचं सुटत नाही. का सुटत नाही, ते रात्री कूस बदलण्यासाठी उठून बसले तेव्हा जरा कळलं. कुणी मला अडवेल अशी भीती मला नाही. नवरा अडवणार नाही, तो स्वतः सॅक भरून देणाऱ्यांतला आहे. आई कुरकुरेल, मग डबा बांधून देईल. भीती वेगळीच आहे. ज्यांच्या मागोमाग मी पहिल्यांदा कोकणकड्यावर गेले त्या आमच्या ग्रुपमधल्या ताई, त्यांना मुलगी झाल्यावर दोनतीनदा बोलावलं. एकदा म्हणाल्या, "नाही ग, आता नको वाटतं." किती सहज म्हणाल्या. चेहऱ्यावर काही गमावल्याचं नावसुद्धा नव्हतं. मला त्यांच्यासाठी वाईट वाटत होतं आणि त्यांना स्वतःला वाटत नव्हतं. ते दृश्य आज सारखं समोर येतंय. माझंही तसंच झालं तर? मला जावंसंच वाटलं नाही तर? आणि त्याचं वाईटही वाटलं नाही तर? आज जी बाई बुटांसाठी रडली, तिची आठवण तरी कुणाला राहील?

हे लिहिताना पुन्हा डोळे भरले. थांबते जरा.

संध्याकाळचं लिहायचं राहिलं. आईनं माझे पाय दोन उशांवर घेतले आणि खोबरेल चोळत बसली. मी बोलत नव्हते, तिच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाली, "तुझ्या वेळी माझेही असेच सुजले होते. सायकल मारता येईना, मग बंदच केली. नंतर मामाला देऊन टाकली."

"कुठली सायकल?"

"होती की. शाळेत जायचे सायकलवरून. शिकवायला."

आई माझ्या जन्माआधी शिकवायची हे मला माहीत होतं. सायकलवरून जायची, हे माहीत नव्हतं. कुठल्या रस्त्यानं, किती लांब, साडीत की कसं, यातलं मी काहीच विचारलं नाही. तीही पुढं बोलली नाही. डाव्या पायाची टाच जास्त रखरखीत झालीय म्हणाली आणि तिथंच पुन्हा तेल लावलं.

जेवणानंतर हालचाली मोजायच्या असतात. डाव्या कुशीवर पडायचं आणि मोजायचं, दोन तासांत दहा तरी व्हायला हव्यात, नाही झाल्या तर दवाखाना गाठायचा. आज पहिल्या दोन झाल्या आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी पाणी प्यायले, पोटावर हात ठेवला, हळू आवाजात बोलले. काही नाही. मग एकदम उजव्या बरगडीखाली टाच फिरली, बाहेरून दिसेल इतकी. कातडीखालून एक छोटा उंचवटा इकडून तिकडे सरकला आणि मी त्यावर बोट ठेवलं तर तो मागे गेला. मग धडाधड दहा झाल्या. त्या मधल्या वेळात मला बूट आठवले नाहीत, वासोटा नाही, ऑफिस नाही, आईचं वाक्य नाही. जगात एकच गोष्ट होती, आणि ती हलत नव्हती. नंतर जाणवलं की ताईंना 'नको वाटतं' ते असंच वाटत असणार. त्यात दुःख नसतं, कारण तिथं दुसऱ्या कशाला जागाच नसते.

यानं भीती कमी झाली असं नाही. पण ताईंबद्दल वाईट वाटायचं मात्र थांबलं.

मग हिरकणी आठवली. इथं कुणालाही बाळ होणार म्हटलं की हिरकणी निघतेच. एसटी स्टँडवरसुद्धा अंगावर पाजायच्या खोलीला हिरकणी कक्ष म्हणतात. गोष्ट आपण सगळे चौथीपासून ऐकत आलोय. रायगडाखालच्या वाडीतली गवळण, कोजागिरीला दूध घालायला गडावर गेली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिथं बुरूज बांधला. मी तो बुरूज पाहिलाय, वाडीतून आता रोपवे जातो. दर वेळी सांगणारा त्या उतरण्यावर येऊन थांबतो, आईच्या मायेवर. मीही तसंच ऐकलं होतं. आज पहिल्यांदा मला तिची सकाळ दिसली. घरात तान्हं बाळ असताना ती डोक्यावर दूध घेऊन रायगड चढून गेली होती. रोजच जात असणार, तिचा धंदाच तो. सकाळी गड चढणारी आणि रात्री कड्यावरून बाळासाठी उतरणारी बाई एकच आहे. तिला कुणी म्हणालं नाही की आता कुठं जाणारेस. निदान गोष्टीत तरी नाही. आणि कडा तिला उतरता आला तो माया होती म्हणून, हे मी मानतेच. पण पायांना दगडाची सवय होती, म्हणूनही.

मला हे फार बरं वाटलं. उठून पाणी प्यायले.

मावशींच्या मुलीबद्दलही आता जरा नीट विचार करता येतोय. भरतीत मुलींना 800 मीटर पळावं लागतं, त्याला ते बूट जड पडतील, तिनं घालूच नयेत. पण ती दम वाढवायला अजिंक्यताऱ्याचा चढ चढते असं मावशी सांगत होत्या. 'चार भिंती' स्मारकाच्या पुढं, टॉवरपर्यंत. त्याला ते उत्तम आहेत. फक्त भिजले तर उन्हात वाळवू नकोस, आत कागद कोंबून सावलीत ठेव, नाहीतर सोल निघतो, हे तिला सांगायला हवं.

नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं, रडल्याचंसुद्धा. तो लगेच म्हणाला, नवीन घेऊ. मी म्हटलं, आत्ता नको, सूज उतरू दे, मग दुकानात जाऊन पाय मोजून घेऊ, जे माप येईल ते. आणि ठरवलं की एक रविवार त्याचा आणि एक माझा. ज्याचा रविवार असेल त्यानं बाहेर जायचं, दुसऱ्यानं बाळाजवळ थांबायचं. मला माझ्या रविवारी घरीच बसावंसं वाटलं तर मी बसेन. पण रविवार माझा असेल.

उद्या तपासणी आहे. लघवीची बाटली, फाईल, मागची सोनोग्राफी आठवणीनं घ्यायची. डॉक्टरांना विचारायचं मी लिहून ठेवलंय. आई सव्वा महिना उंबरा ओलांडू देणार नाही, ते मला मान्य आहे. डिंक, आळीव, शेक, कानाला रुमाल, सगळं करेन. पण त्यानंतर काय? नॉर्मल झालं तर चढ कधीपासून चढायचा, आणि सिझर झालं तर कधीपासून? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात 21.5 टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली आहेत आणि खासगी दवाखान्यांत 47.4 टक्के. माझं नाव खासगीतच घातलंय, तेव्हा दोन्हीची उत्तरं घेऊन ठेवायला हवीत. सॅकचं ओझं कधी उचलायचं, अंगावर पाजत असताना दिवसभर बाहेर राहिलं तर दूध काढून कसं ठेवायचं, हेही.

आई बरोबर असेल. तिच्यासमोरच विचारणार आहे.