दोनशे पानी वही

शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५. धनत्रयोदशी.

वही संपत आली. भाचीच्या औषधासाठी पैसे मागायला लागलो तेव्हा घेतलेली, दोनशे पानी. पहिली नोंद रिक्षा स्टँडची, ३,२५० रुपये. खाली गणेश मंडळाचे ११,०००. मग कुणा अनोळख्याचे फोनवरून आलेले ११ रुपये; ते मी लाल पेनाने लिहिलेत, का कोण जाणे. एकूण १९ लाख ४० हजार.

भाचीला एसएमए आहे, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, टाइप टू. एसएमएन-१ हे जनुक काम करत नाही, म्हणून स्नायूंना हलवणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात. बसते, बोलते तर अखंड. उभी राहत नाही. १६ कोटींच्या इंजेक्शनच्या बातम्या आम्हीही वाचल्या होत्या, पण ते दोन वर्षांच्या आतल्या बाळांना देतात आणि आमचं निदान झालं तेव्हा ती अडीच वर्षांची होती. राहिलं रोश कंपनीचं औषध, रिस्डिप्लाम. रोज तोंडाने, जन्मभर.

वजन १२ किलो, म्हणून रोज ४ मिली. बाटली ८० मिलीची, वीस दिवसांत खलास. किंमत ६ लाख २० हजार. म्हणजे सिरिंजमधला एक घोट ३१ हजारांचा! केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणातून केईएममार्फत ५० लाखांची मदत झाली तेव्हा लोक म्हणाले, सुटलात. आठ बाटल्या आल्या. सप्टेंबरच्या मध्याला संपल्या. पुढच्या दोन या वहीतून.

मागण्याची लाज पहिल्या आठवड्यात गेली. गेली नाही ती फोटोची गोष्ट. पैसे गोळा करून देणाऱ्या एका वेबसाइटवाल्यांना नाकात नळी असलेला, रडतानाचा फोटो हवा होता. "त्याशिवाय लोक देत नाहीत, सर." ताई म्हणाली, तिचा फराक घातलेला, हसतानाचाच जाईल. तोच गेला. पैसे कमी आले असतील, असोत. आणि प्रत्येक दारात तोच प्रश्न: "पण बरी होणार ना?" सुरुवातीला मी हो म्हणायचो. मग खरं सांगू लागलो, की आहे ते टिकेल, थोडं वाढेलही, धावणार नाही बहुतेक. खरं सांगितल्यावर दोघांनी पाकीट परत खिशात घातलं. बाकीच्यांनी दिलं.

९ तारखेला दिल्ली उच्च न्यायालयाने रोशचं पेटंटचं अपील फेटाळलं आणि त्याच औषधाची नॅटको या भारतीय कंपनीची बाटली आली. १५,९०० रुपये. काल, ऐन वसुबारसेला, सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. मी तीनदा शून्यं मोजली. वहीत ७ लाख उरलेत, त्यात ४४ बाटल्या येतात. आनंद झालाच. पण रात्री दुसरा हिशेब मांडत बसलो: सप्टेंबरात दोन बाटल्यांना दिले ते १२ लाख ४० हजार, त्यात आज ७७ आल्या असत्या. रिक्षावाल्यांचे, मंडळाचे, त्या अकरा रुपयेवाल्याचे. हा राग कुणावर काढायचा ते सुचेना, म्हणून दिवे लावले.

गुरुजींना फोन केला. निवृत्त शिक्षक, दर एक तारखेला ५००. म्हटलं, आता नाही पाठवलंत तरी चालेल. म्हणाले, "पायांना आधाराचे कॅलिपर लागतील ना रे? पाठीचं ऑपरेशन? मग गप बस." नोंद चालू.

संध्याकाळी ताईकडे गेलो. औषध शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये असतं, त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे. चार दिवसांचं उरलंय, नवी बाटली सोमवारी यायचीय. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची असते, तर ताईने धने-गुळाशेजारी तिचा रिकामा खोकाच पूजेला मांडला होता.

आठ वाजता डोस. छोटीने मान फिरवली, थोडं औषध फराकवर ओघळलं. एरवी ताईच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण ओघळलेला डोस पुन्हा देता येत नाही. आज ती पदराने पुसत म्हणाली, "सांड बाई सांड, आता स्वस्त झालंय."

मी बोललो नाही. ही बाटली जुन्याच भावाची आहे.