मी पुस्तक परत केलं होतं

प्रबंध जमा करायला काय काय लागतं याची यादी आमच्या विभागाच्या दारावर चिकटवलेली आहे. तेरा कागद. त्यातले बारा मला चार दिवसांत मिळाले. तेराव्याला, म्हणजे ग्रंथालयाच्या नो ड्यूजला, तुमच्याकडे काही येणं बाकी नाही या दाखल्याला, अकरा दिवस लागले. तेही मे महिन्यात, विदर्भात, ४५ अंशांत. बाकीच्या बारा कागदांना माझा नमस्कार, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. पीएच.डी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या दंडारीवर, म्हणजे तिथल्या लोकनाट्यावर. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना विद्यापीठातली कामं उन्हाळ्याच्या सुट्टीतच उरकावी लागतात, आणि विद्यापीठालाही सगळी झाडझूड, मोजदाद, डागडुजी उन्हाळ्यातच सुचते. एसटीने अडीच तास जायचे, अडीच तास यायचे. महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून सहा फेऱ्या परवडल्या.

खरी धास्ती होती ती साम्य तपासणीची. प्रबंधातला मजकूर दुसरीकडून उचलला आहे का, हे आमच्याकडे ग्रंथालयातच तपासतात, शोधशुद्धीच्या सॉफ्टवेअरमधून. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. मी आदल्या रात्री झोपले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी अहवाल हातात, ४ टक्के. इतकी हलकी झाले की त्याच तंद्रीत खाली देवघेवीच्या खिडकीशी जाऊन नो ड्यूजचा फॉर्म सरकवला. तारीख १९ मे.

खिडकीवरच्या भाऊंनी माझा क्रमांक टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि फॉर्म परत सरकवला.

"मॅडम, एक पुस्तक दिसून राहिलं तुमच्या नावावर. ८० रुपये दंडही आहे."

पुस्तक कोणतं ते ऐकल्यावर मला हसूच आलं. लोकनाट्यावरचं एक जुनं संकलन, १२ रुपये किमतीचं, पिवळं पडलेलं, पाठीचा कणा मोडलेलं. ते मी फेब्रुवारीत, याच खिडकीवर, मुदतीच्या आठ दिवस आधी परत केलं होतं. इतकं फाटलं होतं की मीच रबर लावून आणलं होतं.

"मी परत केलंय हो ते."

"केलं असंल जी. पण सिस्टीमवर तं दिसून राहिलं ना."

हे वाक्य पुढच्या अकरा दिवसांत मी चार वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. त्यावर उत्तर नसतं. तुम्ही म्हणजे तुमची आठवण, आणि ते म्हणजे सिस्टीम.

मला वाटलं, फळीवर जाऊन पुस्तक काढून आणलं की झालं. तर तेही बंद. १५ मे ते १५ जून साठा पडताळणी. आत सोडत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे, हे मला नंतर पटलं. मोजणी चालू असताना पुस्तक जागचं हललं तर गणित चुकतं. एका ढकलगाडीवर लॅपटॉप ठेवून दोघं जण फळीफळीने जातात, एक पुस्तक काढून बारकोड दाखवतो, दुसरा आवाज आला की नाही ते बघतो. संध्याकाळी ती यादी दाखल नोंदवहीशी ताडायची. जे फळीवर नाही, वाचकाच्या नावावर नाही, ते हरवलं. म्हणजे माझ्या नावावर ते पुस्तक असणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं, हेही लक्षात घ्या.

माणसंही कमी. निम्मे कर्मचारी उन्हाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या कामाला ओढलेले. कमवा व शिका योजनेतली मुलं, जी एरवी परत आलेली पुस्तकं फळीवर लावतात, ती गावी गेलेली. त्यामुळे खिडकीमागे परत आलेल्या पुस्तकांचे ढीग, कमरेइतके. मी त्या ढिगांकडे बोट दाखवून म्हटलं, यात असेल. भाऊ म्हणाले, "यात कायपण असू शकते."

इथेच एक सांगून ठेवते, कारण पुढे विसरेन. पुस्तक परत करताना खिडकीवर ठेवून निघून यायचं नसतं. आपल्या समोर ते स्कॅन झालं पाहिजे, खात्यातून उतरलं पाहिजे. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीवर, स्वतःचं खातं उघडून त्याच दिवशी बघा, शून्य दिसलं की मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पाच वर्षं मी पुस्तकं ठेवून निघून येत होते आणि स्वतःला शहाणी समजत होते.

दुसऱ्या फेरीला अर्ज लिहून दिला. आवक क्रमांक घेतला. (कुठल्याही अर्जावर आवक क्रमांक घ्याच, नाहीतर तो अर्ज आपण दिलाच नव्हता असं होतं.) मोजणीवाल्यांनी चांगुलपणाने वर्गीकरणाच्या ३९८ क्रमांकामध्ये, म्हणजे लोकसाहित्यात, आणि ८९१.४६ मध्ये, म्हणजे मराठी वाङ्मयात, दोन्हीकडे पाहिलं. नाही. मी म्हटलं ७९२ मध्येही पाहा, नाटकांत. तिथेही नाही.

मी तोवर वाचनकक्षात बसले. उन्हाळ्यात ग्रंथालयाचा तेवढाच भाग जिवंत असतो. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी सहालाच येऊन कूलरसमोरच्या खुर्च्या धरतात आणि चहाला जाताना जागेवर पाण्याची बाटली उभी करून जातात. बाटली म्हणजे सातबारा. मी चुकून एका बाटलीसमोर बसले तर चार जणांनी माना वर केल्या. कूलर मात्र फक्त वाचनकक्षात. पुस्तकांच्या दालनात नाही, कारण कूलरच्या ओलाव्याने पानांना बुरशी धरते. आत मोजणी करणारे दोघं गळ्यात ओला दुपट्टा टाकून फिरत होते, आणि त्या पाण्याचा थेंब पुस्तकावर पडू नये म्हणून पुस्तक लांब धरत होते.

देवघेवीच्या खिडकीवर, भाऊंच्या डोक्याच्या बरोबर वर, ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची पंचसूत्री चौकटीत लावली आहे. १९३१ सालची. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा. मी रांगेत उभी राहून ते किती वेळा वाचलं, सांगता येणार नाही. काचेवर धूळ होती आणि चौथ्या ओळीवर पालीची शी.

२३ मे. माझी प्रबंधाची मुदत ३१ तारखेला संपत होती, त्यानंतर मुदतवाढीचं शुल्क आणि नव्याने सह्यांची वारी. भाऊंनाच माझी दया आली.

"मॅडम, कायले त्रास करून घेता? हरवलं म्हणून लिहून द्या. किमतीच्या तिप्पट. १२ त्रिक ३६. आन् मोकळ्या व्हा."

३६ रुपये. मी चार दिवसांत त्याहून जास्त पैशांचं लिंबूपाणी प्यायले होते. पण फॉर्मवर छापलेलं वाक्य होतं, 'माझ्या निष्काळजीपणामुळे सदर ग्रंथ गहाळ झाला आहे.' त्याखाली सही. मी नाही केली. तरातरा बाहेर आले, कडुनिंबाखाली बसले, डबा उघडला, आणि पोळीचा पहिला घास घेताना लक्षात आलं की ताठा महाग पडतोय. परत आत गेले. "आणा तो फॉर्म."

तर आतून दुसरे एक साहेब आले, त्यांनी पुस्तकाचं साल पाहिलं आणि मान हलवली. हे आता बाजारात मिळत नाही. दुर्मीळ ठरतं. त्याची किंमत ग्रंथालय समिती ठरवते. समितीची बैठक जुलैमध्ये.

मी पुस्तक हरवलं असं कबूल करायलाही मला परवानगी नव्हती.

त्या शनिवार-रविवारी मी घरी बसून केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम वाचले. राग आला की माणूस काहीही वाचतो. नियम १९४ ग्रंथांच्या पडताळणीबद्दल आहे. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी, पन्नास हजारांपर्यंत तीन वर्षांतून एकदा, त्यावर नमुना मोजणी चालते. आणि पुढे म्हटलंय की वर्षभरात वाचकांनी नेलेल्या-हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ झाले तर ते रास्त समजावं, फक्त त्यामागे लबाडी किंवा हलगर्जी नसावी. आमचं विद्यापीठ राज्याचं, नियम केंद्राचे, मान्य. पण ग्रंथालयाला हजारी पाच माफ आणि मला पाच वर्षांत एकही नाही, हे वाचून नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांच्या, पहिल्या रात्री मला जो घाम फुटला तो उन्हाचा नव्हता.

मंगळवारी, २७ तारखेला, पाचवी फेरी. खिडकीवर रांग होती म्हणून पाण्यासाठी मागच्या व्हरांड्यात गेले. तिथे वाळ्याच्या ताट्याआड एक बाइंडर काका बसले होते. उन्हाळ्यात बांधणीचं काम निघतं, वर्षभराची फाटकी पुस्तकं आणि मासिकांचे सुटे अंक एकगठ्ठा त्यांच्याकडे येतात. शेजारी स्टोव्हवर मैद्याची खळ शिजत होती. काकांनी कागदाच्या पुडीतून निळं काहीतरी चिमटीने टाकलं. विचारलं तर म्हणाले, मोरचूद. म्हणजे किडा लागत नाही. मग दाभणाने एका जुडीला भोकं पाडायला घेतली, दोरा ओढताना प्रत्येक वेळी अंगठा जिभेला लावून.

मी नुसती बघत होते. आणि त्यांच्या मांडीजवळच्या गठ्ठ्यात मला एक लाल रबर दिसलं.

लाल रबर जगात लाखो असतील. पण ते माझं होतं, भाजीच्या जुडीचं, त्याला मी दोनदा गाठ मारली होती. "काका, ते दाखवता का?" मुखपृष्ठ काढून टाकलेलं, आतलं शीर्षकपानही गेलेलं. बारकोड त्या फाटक्या पानावरच होता, म्हणजे तोही गेला. उरली होती नुसती पानं. मी चाळत गेले आणि दंडारीच्या प्रकरणात, समासात, माझी पेन्सिलची खूण सापडली. (होय, ग्रंथालयाच्या पुस्तकावर खुणा करू नयेत. मला माहीत आहे. त्या दिवशी केलेलं बरं झालं.)

मी ओरडलेच असणार, कारण भाऊ खिडकी सोडून आले. त्यांनी पानं हातात घेतली, काही न बोलता मधलंच एक पान उघडलं, आणि तळाशी निळ्या शाईत दाखल क्रमांक, म्हणजे नोंदवहीतला त्या पुस्तकाचा क्रमांक. बऱ्याच ग्रंथालयांचं एक गुप्त पान ठरलेलं असतं, तिथे क्रमांक पुन्हा लिहून ठेवतात, पहिली पानं फाडली गेली तरी पुस्तक ओळखू यावं म्हणून. कोणतं पान ते मी सांगणार नाही. भाऊंनी मला भरवशाने दाखवलंय.

"हेच आहे," भाऊ म्हणाले. मग जरा वेळाने, "मीच टाकलं असंल बाइंडिंगला."

झालं होतं ते इतकंच. फेब्रुवारीत मी फाटकं पुस्तक खिडकीवर ठेवलं, त्यांनी फाटकं बघून सरळ बांधणीच्या गठ्ठ्यात टाकलं, स्कॅन करायचं राहिलं. त्यांचा मला तेव्हा राग आला नाही, आत्ता लिहिताना थोडा येतोय.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण बारकोड नाही, आणि पडताळणीमुळे सिस्टीममध्ये देवघेव बंद. पुस्तक समोर, मी समोर, आणि तरी ते माझ्याच नावावर. ग्रंथपाल बाहेरगावी, २९ तारखेला येणार. म्हणून सहावी फेरी. त्यांनी माझा अर्ज वाचला, आवक क्रमांक पाहिला (सांगितलं होतं ना), कोपऱ्यात दोन ओळींचा आदेश लिहिला आणि भाऊंनी दाखल क्रमांक हाताने टाकून पुस्तक माझ्या खात्यातून उतरवलं. दोन मिनिटं. दंड माफ. नो ड्यूजवर शिक्का उमटला तो तिरपा, पण मी बोलले नाही.

अनामत रकमेची मूळ पावती जपून ठेवा, ती नसेल तर ५०० रुपयांसाठी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र मागतात. आणि जायचं असेल तर पडताळणी सुरू होण्याआधी, एप्रिलमध्येच जा. दुपारी दीड ते अडीच खिडकीवर कोणी नसतं, पाटीवर सुट्टी दोनपर्यंतच लिहिलेली असली तरी. मागच्या व्हरांड्यातलं पाणी थंड असतं.

निघताना काकांना लाल रबर परत मागितलं. ते म्हणाले, "राहू द्या, कामी येते."

३० तारखेला प्रबंध जमा केला. परवा सहज ओपॅक उघडून ते पुस्तक शोधलं. माझं नाव गेलंय. स्थितीच्या रकान्यात लिहिलंय, 'बाइंडिंगला'. ऑगस्ट लागलाय.