हरिहरच्या पायऱ्यांवरचा रविवार

नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर किल्ल्यावर जायचं असेल तर मधल्या वारी जा. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. पावसाळ्यातल्या रविवारी मी गेले आणि किल्ला बघण्यापेक्षा पुढच्या माणसाच्या बुटांचे तळवे जास्त बघितले.

त्र्यंबकच्या बाजूने हर्षेवाडीतून चढलो. ही वाट सोपी आणि जवळची. दुसरी निरगुडपाड्यातून येते, ती जास्त दमवते. पायऱ्यांच्या अलीकडे दोन्ही वाटा एकत्र येतात आणि दोन्हीकडची गर्दीही तिथेच एकत्र येते.

पायऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. उभ्या कातळात कोरलेला, जवळजवळ ऐंशी अंशांत चढणारा जिना. पायरीच्या दोन्ही कडांना हात रोवायला खोबण्या आहेत आणि त्या इतक्या नेमक्या जागी आहेत की कोरणाऱ्याने स्वतः चढून-उतरून जागा ठरवल्या असाव्यात असं वाटतं. खोबणीत बोटं अडकवली की चढणं खरंच अवघड नाही. अवघड आहे ते थांबणं. एकच माणूस नीट जाईल एवढी रुंदी. त्यात खालून वर जाणारे आणि वरून खाली येणारे एकाच वेळी निघालेले, आणि मध्ये कोणीतरी मान वळवून फोटोसाठी हसतंय. रांग जागच्या जागी थिजली. पाय थरथरायला लागतात ते चढताना नाही, असं ताटकळत उभं राहिल्यावर.

खाली लिंबू सरबत विकणारे एक आजोबा होते. मी चढायच्या आधीच त्यांनी बजावलं होतं, "ताई, वरचे आधी उतरू द्या. वर दरवाजाशी उभं राहायला जागा नाय." आमच्या पुढच्या घोळक्याने ऐकलं नाही. वरून कुणी "येऊ नका" ओरडत होतं, खालून "सरका की" चाललं होतं, आणि माझ्या वरच्या पायरीवरचा मुलगा मित्रांना मोठ्याने इतिहास सांगत होता: किल्ले पाडत निघालेला इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज इथे आला, पायऱ्या पाहून भारावला आणि म्हणून त्याने त्या तोडल्या नाहीत. ही गोष्ट हरिहरवर प्रत्येक जण सांगतो. ब्रिग्ज 1818 मध्ये इथे आला होता आणि पायऱ्यांच्या भयंकर उभेपणाबद्दल त्याने लिहून ठेवलंय, तेवढं खरं. भारावून सोडून दिल्या हे मात्र मला पटत नाही. किल्ले पाडायला निघालेली माणसं सौंदर्य बघून सुरुंग परत नेतात होय?

चिडचिडीत उभं राहून मी एकच विचार करत होते, की हा जिना आज त्याचं मूळ काम चोख बजावतोय. खालून कितीही माणसं आली तरी दरवाजापर्यंत पोचणार एकामागून एकच, तीही दोन्ही हात गुंतलेली. वरून एक धोंडा सुटला की संपलं. कोकणातून वर येणाऱ्या गोंडा घाटावर नजर ठेवायला हा किल्ला होता, त्यामुळे तो हातात असणं प्रत्येक सत्तेला हवंच होतं. तरी गंमत बघा. 1636 मध्ये निजामशाही बुडाली तेव्हा शहाजीराजांना हा किल्ला मोगलांना सोडावा लागला, माहुलीच्या तहात, त्र्यंबकगडासोबत. 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. 1689 मध्ये मातब्बर खानाने पुन्हा मोगलांकडे नेला. आणि 1818 मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर आसपासचे सतरा किल्ले इंग्रजांच्या स्वाधीन झाले, त्यातच हाही गेला. एवढा बेलाग जिना, आणि किल्ला पहिल्यांदा गेला आणि शेवटी गेला तो दोन्ही वेळा दुसरीकडच्या पराभवाने. हे त्या मुलाला सांगावंसं फार वाटत होतं, पण तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं.

शेवटी वरच्या एका बाईंनी आवाज चढवून दहा उतरणारे, मग दहा चढणारे असा नियम लावला आणि रांग हलली. त्यांना तिथल्या तिथे किल्लेदार करायला हवं होतं.

महादरवाजातून आत गेलं की वाट कड्याच्या पोटातून, डोक्यावर कातळ घेऊन जाते. वाकून चालावं लागतं. पाठीवरची सॅक घासते, म्हणून लहानच घ्या. पुढे पुन्हा पायऱ्या आहेत आणि त्या पहिल्यांपेक्षा वाईट, पण त्यांचे फोटो फारसे कुणी काढत नाही, त्यामुळे त्या पटकन संपतात! माथ्यावर तळं, मारुती, उघड्यावरचं शिवलिंग आणि नंदी. बहुतेक जण इथूनच परततात. तसं करू नका. पुढे एक दगडी कोठार आहे, आत शिरायला खिडकीएवढी जागा. बाकी सगळं ढासळलंय, ही खोली अजून उभी आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे कुणीही नव्हतं. ढग हटले तर ब्रह्मगिरी, भास्करगड, वैतरणेचं पाणी, सगळं दिसतं.

खायचं हातात धरू नका, माकडं ओढून नेतात. पावसाळ्यात गर्दीमुळे बंदीचे आदेशही निघतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. उतरताना तोंड कातळाकडे, शिडी उतरतो तसं. मधल्या वारीही पहाटेच चढा, म्हणजे उतरणारं कुणी समोर येत नाही. आणि रविवारीच जमत असेल तर नियम लावणारं एक माणूस सोबत घ्या, मोठ्या आवाजाचं.