आधी सपाटी, मग घाट: मायोर्कातली आमची वाटचाल

माझा धाकटा भाऊ पोर्ट दे पोयेन्सातल्या एका सायकलीच्या दुकानात मेकॅनिक म्हणून लागला, तेव्हा मला मायोर्का नकाशावर शोधावं लागलं. स्पेनच्या पूर्वेला भूमध्य समुद्रात, आकाराने साधारण आपल्या गोव्याएवढं बेट. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "ताई, इथे सकाळी रस्त्यावर सायकलीच सायकली असतात. आणि मागची गाडी हॉर्न मारत नाही, जागा मिळेपर्यंत मागे थांबते." मी रोज पहाटे खडकवासल्यापर्यंत सायकल मारणारी. मला हे खरं वाटेना. पुढच्या फेब्रुवारीत रजा टाकून गेले, ती दहा दिवस त्याच्याकडे राहिले.

बदाम फुलले होते. बेटाच्या मधल्या भागात लाल मातीची शेतं, त्यांच्या कडेने चुना-सिमेंटाशिवाय रचलेले दगडी बांध, आणि बांधांच्या मधून जेमतेम एक मोटार जाईल एवढा डांबरी रस्ता. त्याच दिवशी दुपारी उत्तरेकडे वळलो, तर समोर त्रामुंतानाची चुनखडीची रांग उभी. एका दिवसात शेत, ऑलिव्हची बाग, घाट आणि समुद्र, तेही शंभर किलोमीटरच्या आत! परतीच्या विमानातच मी ठरवलं होतं की आपल्याकडच्या सायकलस्वारांना हे दाखवायचं.

पहिली तुकडी एप्रिल २०१७ मध्ये नेली. पुण्याचे पाच, नाशिकचे तीन, बहुतेक पंचेचाळिशीच्या पुढचे. सिंहगड, ताम्हिणी, वरंधा केलेली माणसं, त्यामुळे मला काळजी वाटली नाही. मी सहा दिवस आखले आणि सहाच्या सहा दिवस डोंगरात घातले. पहिल्या दिवशी फोर्मेन्तोरचं दीपगृह, दुसऱ्या दिवशी सा कालोब्रा, तिसऱ्या दिवशी सॉयेरहून पुच माजोची खिंड. लोकांनी ज्यांचे फोटो पाहिलेले असतात ते चढ आधी द्यायचे, एवढाच माझा विचार होता. आज तो कागद काढून बघते तेव्हा दिसतं की त्यात माणसांच्या पायांचा विचार कुठेच नव्हता.

सा कालोब्राबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आमचं सगळं शिक्षण त्याच रस्त्यावर झालं. आंतोनी पारिएत्ती या अभियंत्याने आखलेला हा रस्ता १९३२ सालचा. कॉल देल्स रेइस या खिंडीतून तो साडेनऊ किलोमीटरमध्ये थेट समुद्राला टेकतो. सरासरी उतार सात टक्के, सव्वीस तीव्र वळणं, आणि बोगदा एकही नाही. डोंगर फोडून निघालेला दगड भरावाला वापरत पारिएत्तीने रस्ता उतारावर गुंडाळत नेला. वरच्या बाजूला एके ठिकाणी तर रस्ता पूर्ण वेढा घेऊन स्वतःच्याच पुलाखालून निघतो. तिथले लोक त्या वळणाला टायची गाठ म्हणतात. वरून पाहिलं की खरोखर गाठ मारलेल्या टायसारखंच दिसतं.

पण या रस्त्याचा स्वभाव त्याच्या दिशेत आहे. आपल्या घाटात आधी चढायचं असतं, उतार हे बक्षीस. इथे आधी उतार मिळतो, आणि खाली पुढे रस्ताच नाही. परत यायचं तर तेच साडेनऊ किलोमीटर चढून, नाहीतर सॉयेरच्या बंदराकडे जाणाऱ्या बोटीने. शिवाय पोर्ट दे पोयेन्साहून निघालं तर खाली पोचेपर्यंत पायात आधीच पन्नासेक किलोमीटर आणि एक मोठा चढ असतो. लांबी आणि उतार पाहिले तर हा चढ सिंहगडाच्या जवळपासचा. पण सिंहगड आपण पहाटे ताज्या पायांनी चढतो आणि वर जाऊन पिठलं-भाकरी खातो. इथे दुपारचं ऊन चुनखडीवरून अंगावर येत असतं.

आमच्यातल्या एका काकांना चौदाव्या वळणावर पोटऱ्यांत गोळे आले. मी शेजारी थांबले. त्यांनी सायकल कठड्याला टेकवली आणि म्हणाले, "मी दोन वर्षं यासाठी पैसे साठवलेत, आणि आता मला फक्त गाडीत बसायचंय." गाडी आली, ते बसले. पुढचे दोन दिवस त्यांनी सायकल काढली नाही. ते एकदाही तक्रारीने बोलले नाहीत, आणि त्यामुळेच मला ते जास्त लागलं. सहल संपल्यावर मी आणि भावाने दुकानामागच्या खोलीत बसून सगळा आराखडा फाडला.

नवा आराखडा सपाटीपासून सुरू झाला. एस प्ला, म्हणजे बेटाचा मधला सखल भाग. मोठ्या चढांच्या नादात बहुतेक लोक तो ओलांडून जातात, आणि मला मनापासून वाटतं की बेट खरं कळतं ते तिथेच. सा पोब्लाच्या आसपास बटाट्याची शेतं आणि एके काळी विहिरींचं पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या. पुढे बदाम, अंजीर, खरनुबीची (गोड शेंगांची) झाडं आणि त्यांच्या सावलीत मेंढरं. बदामाच्या काही बागा आता वाळलेल्या दिसतात. झायलेला नावाचा जिवाणू २०१६ मध्ये या बेटावर सापडला आणि त्याने पुष्कळ झाडं नेली. शेतकरी कुटुंबातले आमचे पाहुणे तिथे हमखास थांबतात, झाडाची साल हाताने बघतात.

आमची तुकडी आम्ही सोमवारी उतरवतो. मंगळवारी सायकली मापाने बसवायच्या, सीटची उंची, हँडल, पॅडल बघायचं. बुधवारी सिनेउ. हा वार मुद्दाम निवडलेला आहे, कारण सिनेउचा आठवडेबाजार बुधवारीच भरतो आणि तो मध्ययुगापासून चालत आलेला आहे. सायकल हातात धरून चालावं लागतं एवढी गर्दी. तिथून पेत्रा. कॅलिफोर्नियात मिशन वसाहती उभारणाऱ्या हुनिपेरो सेर्राचं हे जन्मगाव, पण सायकलवाल्यांना ते ठाऊक आहे चौकासाठी. भोवती कॅफे, मध्ये टेबलं, आणि प्रत्येक भिंतीला टेकवलेली सायकल. त्या दिवशी आम्ही साठ किलोमीटर करतो, त्याहून जास्त नाही. चढ जवळपास नाही, पण वारा असतो, आणि गटात एकामागे एक राहून वारा वाटून घ्यायला लोक तिथेच शिकतात.

गुरुवारी एकच डोंगर: रांदा किंवा फेलानिचजवळचा सांत साल्वादोर. दोन्ही सपाटीतून एकटे वर आलेले, दोन्हींच्या माथ्यावर मठ. सांत साल्वादोर पाचशे मीटरच्या थोडा वर आहे. पाच किलोमीटरचा नीट, एकसारखा चढ. तिथून पूर्वेचा किनारा दिसतो आणि मागे वळलं की त्रामुंतानाची सगळी रांग. दोन दिवसांनी कुठे जायचंय ते डोळ्यांनी बघायला मिळतं. तोवर पायांना गिअरची सवय झालेली असते. चढाला हलकी पडावी म्हणून आम्ही पुढे ३४ आणि मागेही ३४ दातेवाली सायकलच मागतो. दुकानदार आधी कुरकुरत होता, आता न सांगता काढून ठेवतो.

तिथले नियम आम्ही पहिल्याच संध्याकाळी समजावतो. ओलांडणाऱ्या गाडीने दीड मीटर अंतर सोडायचं. सायकलस्वारांनी दोघं शेजारी चालायला हरकत नाही. गोल चौकात गटातला पहिला सायकलस्वार शिरला की मागचा सगळा गट एकच वाहन धरला जातो. हा शेवटचा नियम ऐकून आपली माणसं दोनदा विचारतात. पहिल्यांदा एखादी बस गोल चौकाशी थांबून बारा जणांना जाऊ देते, तेव्हा कुणीतरी हमखास हात जोडतं.

एक गोष्ट मात्र आम्ही दुसऱ्या वर्षापर्यंत सांगितली नव्हती, आणि तिची किंमत एका पाहुण्याने मोजली. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. तिथे तो डाव्या हाताला असतो. पोयेन्साच्या बाजूला उतरताना एका वळणावर वाळू होती. त्यांनी मागचा ब्रेक समजून डावा दाबला आणि हँडलवरून पुढे फेकले गेले. कॉलरबोन मोडलं. भाऊ मेकॅनिक, मी वर्षानुवर्षं सायकल चालवणारी, आणि आम्हा दोघांच्याही लक्षात हे आलं नव्हतं. त्यांच्या घरी फोन मी केला. तेव्हापासून नोंदणीच्या अर्जातच तुमचा पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते विचारतो. मंगळवारी गाडीतळावर अर्धा तास फक्त ब्रेक मारायचा सराव असतो, आणि ज्याला डाव्या ब्रेकची धाकधूक वाटते त्याच्या सायकलीचे ब्रेक भाऊ आदल्या रात्री अदलून देतो.

दुसरी चूक खाण्यातली. एन्सायमादा हा तिथला मऊ, चक्राकार, साखर भुरभुरलेला पाव. पहिल्या दोन्ही तुकड्यांना मी तो कौतुकाने खाऊ घातला. त्या नावातला 'साइम' म्हणजे डुकराची चरबी, हे एका बेकरीवाल्या बाईने सांगितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. त्या तुकड्यांमध्ये कट्टर शाकाहारी कुटुंबं होती. मी प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगितलं. दोघांनी परत आमच्याकडे यायचं टाळलं, आणि ते मला मान्य आहे. आता शाकाहाऱ्यांसाठी आमची यादी पक्की आहे: टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेला पाव, म्हणजे पा आंब ओली; वांगं-बटाटा-ढोबळीचं तुंबेत; आणि सॉयेरच्या संत्र्यांचा रस. सोबत आमच्या डब्यात मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी असतेच.

२०२० च्या एप्रिलची तुकडी एकोणीस जणांची होती, आमची सगळ्यात मोठी. १४ मार्चला स्पेनमध्ये आणीबाणी जाहीर झाली. व्यायामासाठीसुद्धा घराबाहेर सायकल काढायला २ मेपर्यंत बंदी होती. भाऊ बाल्कनीतून रिकामा रस्ता बघत होता. आम्ही एकोणीस जणांचे पैसे परत केले. हॉटेलांनी आम्हाला दिलेली कुपनं आम्ही पाहुण्यांच्या गळ्यात मारली नाहीत. त्यासाठी आईने तिची मुदतठेव मोडली. तिला ते पैसे २०२३ च्या हंगामानंतर व्याजासकट दिले. २०२० च्याच ऑक्टोबरपासून परदेशी सहलींच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच पाहुण्याकडून गोळा करायचा कर, लागू झाला. हा कर नंतर विवरणपत्रात वळता होतो, पण तोपर्यंत पाहुण्याचे पैसे अडकतात. हे आम्ही पहिल्याच फोनवर सांगतो. व्हिसाचं तसंच: भेटीची तारीख हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू देत नाही.

आज वर्षाला चार तुकड्या, प्रत्येकी बारा जण, एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. सोळा जणांची नेऊन पाहिली, पण शेवटच्या माणसाकडे लक्ष राहत नाही, म्हणून परत बारावर आलो. दुसऱ्या बेटांची, स्पेनच्या मुख्य भूमीवरच्या गिरोनाची मागणी येते. तिथल्या रस्त्यांवर आम्ही आधी स्वतः दोन हंगाम घालवू, मगच कुणाला नेऊ.

सा कालोब्रा आता सहाव्या दिवशी असतं. आदल्या दिवशी काइमारीहून युकच्या मठाचा हलका चढ, आणि मुक्काम मठातच. तेराव्या शतकापासूनचं हे तीर्थस्थान यात्रेकरूंना अजूनही खोल्या देतं. तिथून निघालं की खिंड पंधरा किलोमीटरच्या आत येते आणि पाय ताजे असतात. पर्यटकांच्या मोठ्या बस साधारण दहानंतर उतरू लागतात. अरुंद वळणावर बस समोर आली की सायकल कठड्याला चिकटवून उभं राहावं लागतं, म्हणून आम्ही त्यांच्या आधी खाली जाऊन वर यायला लागतो.

येत्या एप्रिलच्या तुकडीत ते काका पुन्हा येताहेत, चौदाव्या वळणावर थांबलेले. आता ते एकसष्ट वर्षांचे आहेत. नाव नोंदवताना त्यांनी एकच विचारलं, युकहून किती वाजता निघायचं. उजाडल्या उजाडल्या, साडेसातला, असं मी सांगितलं. ते म्हणाले, मी सातला खाली उभा असेन.